कॅलरी मोजणं सोडून भुकेची वही : सहा महिन्यांच्या वापरानंतर

या वहीत कॅलरी नाहीत, वजनही नाही. दर खाण्याला एक ओळ: वेळ, बसतानाची भूक, उठतानाची भूक आणि मन कसं होतं याचा एक शब्द. भुकेला १ ते १० आकडे. १ म्हणजे हातपाय थरथरतात, ३ ला पोट गुरगुरतं, ५ ला ना भूक ना तृप्ती, ७ ला पोट निवांत, १० ला श्वास घ्यायलाही जड. साधारण ३-४ ला बसायचं, ७ च्या आसपास उठायचं.

खरं काम करतो तो बसतानाचा आकडा. रात्री उठताना ९ पडला की त्याच ओळीत मागे बघा. बसताना बहुतेक १ असतो आणि त्याआधीचे सहा-सात तास कोरे. म्हणजे दोष जिभेचा नाही, त्या कोऱ्या तासांचा. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात दिवसभर अन्नच घोळू लागलं. पुढे भरपूर मिळूनही कित्येकांचं समाधान होईना. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे भुकेची वाट न बघता दर तीन-चार तासांनी खायचं. दीर्घ डाएटनंतर भुकेची जाणीव बोथट झालेली असते, ती अशीच परत येते.

डाएटसाठी बंद केलेला ‘वर्ज्य’ पदार्थ एका वेळी एकच परत आणावा. चॉकलेट असेल तर जेवणानंतर, बशीत काढून, बसून. उपाशीपोटी पाकिटातून नको. पहिल्यांदा जास्त खाल्लं जातं आणि नेमके इथेच लोक घाबरून थांबतात. कृपा करून थांबू नका. ‘उद्यापासून बंद’ म्हटलं की आजचं खाणं शेवटचं ठरतं, मग हात आवरत नाही. पाकीट संपलं की दुसरं आणून ठेवा.

वहीचा मोठा दोष असा की तीच नवा नियम बनते. ८ लिहिताना अपराधी वाटू लागलं, तर आठवडाभर आकडे सोडून फक्त वेळ लिहा. अपुरी झोप, ताप, काही औषधं भुकेचा अंदाज चुकवतात. त्या दिवसांच्या आकड्यांवरून काही ठरवू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. आणि खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढली जात असेल, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडेच जावं.