हातमागाची घोंगडी : हिवाळाभर अंगावर घेऊन मग लिहिलेला रिव्ह्यू

आधी टोचण्याचं सांगून टाकतो कारण घोंगडी म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो. हो, टोचते. नवी असताना चांगलीच टोचते, मानेला आणि हनुवटीखाली जास्त. कुणी "अजिबात टोचत नाही, एकदम मऊ" म्हणून विकत असेल तर ती एकतर जावळाची असेल, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची आणि मग भावही तसाच असणार, नाहीतर ती लोकरच नसणार. आमच्या शेजारच्या पोराने आईसाठी ऑनलाइन मागवली होती, फोटोत काळीभोर, बाराशे रुपयात, डिलिव्हरी फ्री. दोरा काढून काडी लावली तर वितळून टोकाला गोळी झाली, प्लास्टिकचा वास. खरी लोकर अशी वितळत नाही, केस जळल्यासारखा वास येतो, काडी बाजूला केली की आपोआप विझते आणि मागे काळी भुकटी राहते ती बोटाने चिरडता येते. घेण्याआधी एक दोरा मागून घ्या, खरा विणकर नाही म्हणत नाही.

आता माझ्याबद्दल थोडं, म्हणजे रिव्ह्यू कुठल्या नजरेने लिहिलाय ते कळेल. मी पोस्टातून रिटायर झालेला माणूस, सगळी नोकरी मुंबईत, आणि मुंबईची थंडी म्हणजे काय तर पंखा पाचवरून दोनवर आणायचा आणि सकाळच्या लोकलमध्ये एखादा हौशी कानटोपी घालून दिसायचा. रिटायर झाल्यावर आम्ही दोघं गावी आलो, कोरेगाव तालुक्यात, जुनं कौलारू घर, आणि पहिल्याच डिसेंबरात कळलं की थंडी ही चीज काय असते ते. कौलांच्या फटीतून वारं येतं, पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही, गुडघे तर बोलायलाच लागतात. घरात पांघरुणं होती, नाही असं नाही. लग्नात आलेलं ते वाघाचं चित्र असलेलं मिंक ब्लँकेट होतंच, प्रत्येक घरात असतं तसं. पण त्याची गंमत अशी की रात्री अकराला घाम येतो, मग आपण ते लाथेने बाजूला करतो आणि तीनला कुडकुडत शोधतो, शिवाय अंधारात ओढलं की चटचट ठिणग्या.

घोंगडी घेतली ती म्हसवडच्या वारीत. मार्गशीर्षाच्या पहिल्याच दिवशी सिद्धनाथाचा रथ असतो तिथे, माणदेशातली मोठी यात्रा, धनगर मंडळी लांबून लांबून येतात. हिला रथ बघायचा होता आणि मला तसा देवाधर्माचा फार सोस नव्हता कधी, ड्युटीच सकाळची, पण आता वेळच वेळ म्हणून गेलो. तिथे एका म्हाताऱ्या धनगराच्या खांद्यावरची घोंगडी मी हात लावून बघितली तर तो म्हणाला, "ही माझ्या लग्नातली हाय." मी त्याच्या वयाकडे बघितलं आणि घोंगडीकडे बघितलं. त्यानेच पत्ता दिला, माण तालुक्यातलंच एक गाव, सनगर आळीत, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांच्या आळीत, विचारा म्हणाला.

आळीत आता एकच माग चालू आहे. खड्डामाग, म्हणजे विणकर खड्ड्याच्या कडेला जमिनीवर बसतो आणि पाय खड्ड्यात, पायाने पावड्या दाबायच्या आणि हाताने धोटा, म्हणजे आडवा दोरा नेणारी नळी, फेकायचा. विणणारे तात्या सत्तरीचे असतील. त्यांच्या घरात शिरल्याबरोबर आंबूस वास आला, तो चिंचोक्याच्या खळीचा. चिंचोके भाजून टरफल काढायचं, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे आणि ती खळ ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या दोऱ्यांना, कुंच्याने लावायची, त्याशिवाय सूत मागावर टिकत नाही, तुटतं. खळीमुळेच नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते. मावशी कोपऱ्यात चरख्यावर बसलेल्या, डाव्या हाताच्या बोटांत लोकरीचा पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची वळी, आणि उजव्या हाताने चाक, माझ्याशी बोलतायत पण बोटं थांबत नाहीत, आणि सूत कुठे जाड कुठे बारीक झालं की न बघता कळतं त्यांना. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकावर रेषाच राहिलेल्या नाहीत, गुळगुळीत. "रेशनच्या मशीनवर माझा अंगठाच उठत न्हाई," म्हणाल्या आणि हसल्या.

मी पेन्शनर असल्यामुळे हे मला भलतंच पटलं. दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सरकारला सांगायचं, हयातीचा दाखला, आणि थंडीत बोटं कोरडी पडली की मशीन आपल्याला ओळखायला तयार नसतं. आता पोस्टमन घरी येऊन मोबाइलवर दाखला काढून देतो, चेहरा दाखवून पण होतो, ती सोय खरंच चांगली आहे. यंदा आमच्याकडे पोरगेलासा पोस्टमन आला, मी ओट्यावर उन्हात घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन बसलेलो. मोबाइल समोर धरून म्हणतो, "काका, ते डोक्यावरचं काढा, आणि जरा डोळे मिचकवा." मिचकावले. झालो जिवंत आणखी एक वर्ष. त्याला चहा पाजल्याशिवाय सोडला नाही, आपल्या खात्याचा माणूस, आणि आम्ही पायाने वाटायचो ती टपाल आता तो मोटारसायकलवरून वाटतो हे ऐकून बरंच वाटलं.

विषय सोडून गेलो. भाव. साडेतीन हजार पडली, साडेचार बाय नऊ फुटांची, वजन तीन किलोच्या आसपास. हिने सवयीने घासाघीस सुरू केली तेव्हा तात्या काही बोलले नाहीत, मावशीच म्हणाल्या, "ताई, लोकर गोळा करायलाच आता गावंच्या गावं हिंडाया लागतं." ते खरंच आहे. पूर्वी सगळीकडे दख्खनी मेंढी, काळी, तिच्याच लोकरीची घोंगडी व्हायची, रंगवायची गरजच नाही, काळा रंग मेंढीचाच. आता मेंढपाळांना मटणाचा पैसा मिळतो, म्हणून माडग्याळसारख्या अंगाने मोठ्या मेंढ्या आल्या, त्यांना लोकर नावापुरती. आणि दख्खनी आहेत त्यांची वर्षातून दोनदा कातरणी करावीच लागते पण कातरणाऱ्याच्या मजुरीइतके पैसेही लोकरीला येत नाहीत, मग लोकर तशीच टाकून देतात रानात. हे ऐकल्यावर ही गप्प बसली आणि पिशवीतून पैसे काढले, वर मावशींच्या हातावर रथाचा प्रसाद ठेवला.

वापराचं सांगतो. पहिले काही दिवस वास येतो, मेंढीचा आणि खळीचा मिळून. ज्याला अजिबात सहन होत नाही त्याने घेऊ नये, उगाच नंतर वाईट बोलायचं. मी दोन दिवस सावलीत वाळत टाकली, झटकली, आणि मग सरळ वापरायला काढली. खाली एक जुनं सुती लुगडं पांघरायचं, त्यावर घोंगडी, म्हणजे टोचण्याचा प्रश्नच मिटला, आमच्या आजीची पद्धत. वापरून वापरून खळ निघून जाते तशी मऊ होत जाते, घाई करून चालत नाही. आणि ऊब कशी तर एकसारखी. घाम येत नाही कारण लोकर ओल शोषून घेते, तिच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल आत घेतली तरी हाताला ओली लागत नाही, म्हणून तर धनगर भर पावसात खोळ करून रानात उभा राहतो. मी रात्री दहाला पांघरतो ते सकाळी चारला उठेपर्यंत लाथ मारावी लागत नाही. माझ्या वयाच्या माणसाला सलग झोप म्हणजे काय हे माझ्या वयाच्या माणसालाच कळेल.

चारला का उठतो? काकड्याला. हे मला स्वतःलाच नवीन आहे. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्या विठ्ठल मंदिरात पहाटे काकडआरती असते, गावातली दहाबारा माणसं, बहुतेक माझ्याच वयाची, एक पखवाज, चार टाळ. पहिल्या वर्षी मी गेलोच नाही, अंथरुणातून ऐकायचो. घोंगडी आल्यानंतरच्या कार्तिकात म्हटलं बघू तरी, तशीच डोक्यावरून घेतली आणि गेलो, आणि आता काकडा संपला की चुकल्यासारखं होतं. श्रद्धा कशी येते मला माहीत नाही, पण मला ती अभंगाआधी शेकोटीपाशी आली असं वाटतं, आरती झाल्यावर देवळापुढे शेकोटी पेटते, एकेकाची विचारपूस होते, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाची नात बारावीला, आणि मग कुणीतरी सहज म्हणतो "पांडुरंगाने दिवस बरा दाखवला" आणि त्यावर कुणी काही जादा बोलत नाही. शेकोटीच्या ठिणग्या घोंगडीवर पडतात, मी झटकतो, भोक पडत नाही. तेच बाजूच्याच्या जॅकेटला चार भोकं पडलीत. पंढरपुरात थंडी पडली की विठोबालाही शाल आणि कानपट्टी असते, मग आमच्याही पुजारीबुवांनी देवाच्या खांद्यावर एक छोटी घोंगडी घातली, ती पण त्याच मागावरची, मी आणून दिलेली. एवढं मात्र कौतुकाने सांगतो.

मग धनुर्मास लागतो. ही पहाटे मुगाची खिचडी टाकते, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत (चातुर्मासात बंद असलेलं वांगं चंपाषष्ठीला सुटतं, ती झालेली असते), आणि ऊन ओट्यावर यायच्या आत जेवायचं. मुंबईत या वेळेला मी डबा घेऊन जिना उतरत असायचो. आता दोघं ओट्यावर, खाली एक घोंगडीची घडी, अंगावर दुसऱ्या घोंगडीचं अर्धं अर्धं. दुसरी घ्यावीच लागली, कारण पहिलीवरून भांडणं व्हायला लागली. दत्तजयंतीच्या सप्ताहात पोथी वाचायला बसायचं तर आसन म्हणूनही तीच, सतरंजीवर गार लागतं, घोंगडीवर तासनतास बसलं तरी नाही. मांडी मोडते ती वेगळी गोष्ट, तो घोंगडीचा दोष नाही.

तोटेही लिहितो. एक, जड आहे, मशीनमध्ये धुता येत नाही, टाकूही नका, गरम पाण्यात तर अजिबात नाही, आटते आणि नमद्यासारखी, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखी, घट्ट होते. गार पाण्यात रिठे भिजवून त्या पाण्यात बुडवायची, पिळायची नाही, नुसती दाबून पाणी काढायचं आणि सावलीत पसरायची. वर्षातून एकदा पुरतं. माझ्याच्याने ओली उचलवत नाही, पुतण्याला बोलावतो. दुसरं म्हणजे कसर लागते. उन्हाळ्यात ठेवताना कडक वाळवून कडुनिंबाचा पाला घालून ठेवा, पाला सुकला की बदला. आणि तिसरं, काळ्या लोकरीचे बारीक केस पहिल्या महिन्यात पांढऱ्या कपड्यांना लागतात. हिने या एका मुद्द्यावर मला बरंच ऐकवलंय. ज्यांना लोकरीची ॲलर्जी आहे किंवा दमा आहे त्यांनी आधी कुणाची तरी एक रात्र पांघरून बघावी.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो टोचण्याचा नाही, धुण्याचा.

घ्यायची असेल तर माणदेशात, जत-आटपाडीकडे किंवा सांगोल्याकडे सनगर आळी विचारत जा, विणणाऱ्याच्या दारातूनच घ्या, मागावर काम चालू असलेलं बघून घ्या. आणि दिवाळीच्या आधी सांगून ठेवा. थंडी पडल्यावर गेलात तर मागावर असलेली दुसऱ्याची असते, तुमचा नंबर माघात लागतो. तात्यांकडे व्हॉट्सॲप नाही, मावशींकडे आहे पण त्या फक्त गुड मॉर्निंग बघतात, म्हणून फोनच करावा लागतो, तोही दुपारी जेवणाच्या वेळेला, कारण माग चालू असला की रिंग ऐकू येत नाही.