गटारातलं पाणी मोजायला अल्ट्रासोनिक घ्यावा की प्रेशर सेन्सर?

पावसाळी गटारात वायरलेस सेन्सर बसवायचं ठरलं की शेवटी याच दोघांवर येऊन अडायला होतं. मी दोन्ही वापरलेत, म्हणून लिहितोय.

अल्ट्रासोनिक बघताक्षणी आवडतो. झाकणाखाली टांगला की झालं, खाली आवाज सोडतो आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून पाणी किती खाली आहे ते काढतो, पाण्याला शिवत नाही, गाळाशी घेणंदेणं नाही. तापमानानुसार आवाजाचा वेग बदलतो, अंशाला सेकंदाला साधारण 0.6 मीटर, पण त्याची भरपाई बहुतेक सेन्सर आतल्या आत करतात, त्याचा मला कधी त्रास झाला नाही. त्रास झाला तो कोळ्यांचा. चेंबरमध्ये ओल असते, वारा नसतो, कोळी नेमका सेन्सरच्या तोंडावर जाळं विणतो, त्यावर पहाटे थेंब धरतात आणि आवाज पाण्यापर्यंत न जाता तिथूनच परत येतो. आभाळ कोरडं ठाक आणि रात्री तीनला मेसेज, चेंबर भरलं! दोनदा आम्ही धावत गेलो. तिसऱ्यांदा कुणी उठलं नाही, आणि पुढच्याच आठवड्यात खरंच पाणी चढलं तेव्हाचा अलर्टही सगळ्यांनी जाळ्याचाच समजून सोडून दिला, पाणी रस्त्यावर आलं. माझं मन तिथेच उडालं. त्यात तोंडापासून 20-30 सेंटिमीटरच्या आतलं बऱ्याच अल्ट्रासोनिकना दिसतच नाही, म्हणजे चेंबर काठोकाठ भरायच्या वेळीच रीडिंग जातं.

प्रेशर सेन्सरची कटकट वेगळी. हा वरच्या पाण्याच्या दाबावरून उंची मोजतो, तळाशी असतो त्यामुळे गाळात रुततो, भोकं बुजली की रीडिंग सुस्त होतं. मी तो भोकाच्या पाइपात, तळापासून जरा वर ठेवतो. बाहेरच्या हवेचा दाब सेन्सरपर्यंत पोचवणारी केबलमधली बारीक नळी मात्र जपायला लागते, कारण ती बुजली तर हवेचा दाब 1 हेक्टोपास्कल हलला तरी पाण्यात जवळपास 1 सेंटिमीटरचा फरक दिसतो, आणि नळीत ओल जाऊ नये म्हणून लावलेली ओल शोषणारी पुडी वेळेवर बदलावी लागते. पण ही कामं तारीख ठरवून करता येतात, आणि चेंबर तुडुंब भरलं तरी हा मोजत राहतो. कोरड्या रात्री याने मला उठवलेलं तरी आठवत नाही.

सिग्नलचं रडगाणं दोघांचं सारखंच, बिडाचं झाकण तो खाऊनच टाकतं. लोरा (कमी बॅटरीत लांब मेसेज पाठवणारं रेडिओ तंत्र) SF12 वर, म्हणजे त्याच्या सर्वात संथ सेटिंगवर, लांब पोचतं खरं, पण एकेका मेसेजला सेकंदाच्या वर वेळ जातो आणि बॅटरी उतरते, त्यापेक्षा अँटेना झाकणाबाहेर काढता आली तर बघा. कोरड्यात 15 मिनिटांनी आणि पाणी चढायला लागलं की 2 मिनिटांनी रीडिंग पाठवायचं, एवढ्यावर माझं भागतं.

तुमच्याकडे गाळ फारच येत असेल किंवा उघडा नाला असेल तर कदाचित अल्ट्रासोनिकच बरा पडेल, मी नाही म्हणणार नाही. बंद चेंबरला मात्र मी आता प्रेशरच लावतो. एक अल्ट्रासोनिक अजून आहे, नाल्यावरच्या पुलाखाली, दर पंधरा दिवसांनी लांब काठीला ब्रश बांधून त्याचं तोंड वरूनच पुसून घेतो.