कुळागर की रबराची एकपिकी बाग?

गोव्यातील फोंडा, सत्तरी भागांत डोंगराच्या पायथ्याशी, झऱ्याच्या पाटपाण्यावर कुळागर उभे राहते: वर माड आणि पोफळी, पोफळीला बिलगलेले मिरीचे वेल, मधल्या सावलीत जायफळ, कोकम व केळी, जमिनीलगत अननस, सुरण, हळद. केळीचा घड साधारण वर्षभरात हाती येतो. सुपारीचा भाव पडला तरी घरचे ताट रिकामे राहत नाही, आणि माझ्या मते कुळागराचे खरे मोल यातच आहे.

लगतच्या दोडामार्ग तालुक्यातील रबराच्या बागेत चीक काढण्यासाठी सुमारे ७ वर्षे थांबावे लागते. त्यानंतर रोकड नियमित मिळते, परंतु त्या झाडापासून घराला खायला काहीच मिळत नाही आणि दर परक्या बाजारावर अवलंबून राहतो. कुळागराची अडचण मजुरांची आहे: पोफळीवर चढणारी कुशल माणसे आता सहज मिळत नाहीत.