वाटपपत्राचं तिसरं पान मागा

महापालिकेने प्रकल्पबाधितांना दिलेलं घर भाड्याने देता येत नाही, हे आम्हाला ते देणाऱ्या मालकाला माहीत होतं, एजंटला माहीत होतं, वॉचमनलाही माहीत होतं. महापालिकेला तर होतंच, अट तिनेच घातली होती. माहीत नव्हतं ते पैसे भरणाऱ्या आम्हाला. आमचे ५,२५,३०० रुपये गेले आणि वर "अनधिकृत रहिवासी" हा शिक्काही आमच्यावरच बसला.

हेवी डिपॉझिटचा व्यवहार कसा चालतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. सुरुवातीला एक मोठी अनामत रक्कम द्यायची, भाडं शून्य, अकरा महिन्यांनी पूर्ण रक्कम परत. ५,००,००० ठरले. १,००,००० टोकन ऑनलाइन, २,५०,००० बँकेतून, १,५०,००० रोख. दलाली १५,०००, नोटरी आणि कागदपत्रं २,५००, टेम्पो-हमाली ७,८००. रोख रकमेची पावती मागितली तर एजंट म्हणाला, "ताई, लिहिलं की मालकाला टॅक्स लागतो. इथे सगळे असेच राहतात." पावतीला नाही म्हणाला की उठा तिथून. घर कितीही आवडलेलं असो.

ज्या क्षणाचा मला आजही संताप येतो तो वेगळाच. मालकाने वाटपपत्राची, म्हणजे महापालिकेने त्याला घर दिल्याच्या कागदाची, झेरॉक्स दाखवली. पानांच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं, "३ पैकी १", "३ पैकी २". तिसरं पान नव्हतं. मी विचारलं, अगदी स्पष्ट विचारलं. एजंट म्हणाला, "त्यावर नुसते सही-शिक्के आहेत." आणि पान उलटून झेरॉक्स पिशवीत घातलीसुद्धा. मी तिथेच अडून बसायला हवं होतं. पण जुनं घर महिनाअखेरीला रिकामं करायचं होतं, मुलीची शाळा सुरू झाली होती. लाइट बिलावरचं नाव, आधार कार्ड, समोर बसलेला माणूस, सगळं जुळत होतं. अशा वेळी एका पानावरून कोण भांडतं? ज्यांना हे वाचून "आम्ही असतो तर" असं वाटतंय, त्यांनी आधी महिनाअखेरीला घर शोधून बघावं.

ते तिसरं पान मी पुढे महापालिकेच्या कार्यालयात पाहिलं. सदनिका विकता, भाड्याने देता वा पोटभाड्याने देता येणार नाही, तसं आढळल्यास वाटप रद्द. सगळ्या अटी त्याच पानावर.

घरात कोण राहतं याच्या पडताळणीसाठी महापालिकेचं पथक आलं, दारावर नोटीस डकवली. मुदतीत सामान बाहेर काढलं आणि दाराला सील लागलं. मालकाचा फोन बंद, एजंटचा बंद. कार्यालयात गेले तर साहेब म्हणाले, "आमचा तुमच्याशी संबंध नाही, आमचा करार त्याच्याशी." मग त्याच्यावर काय कारवाई केली? "प्रक्रिया सुरू आहे." घरं कुणाला दिली त्याची यादी यांच्याकडे, अटी यांच्या, पडताळणीही यांचीच. इमारतीच्या दाराशी "ही घरं भाड्याने देता येत नाहीत" असा एक फलक लावायला काय खर्च येतो? हे विचारलं तर म्हणे लेखी अर्ज द्या. दिला. पोच घेतली. उत्तर नाही. एवढ्या मोठ्या शहरात भाड्याच्या घरावाचून अडलेल्या माणसाने कुठे जायचं, हे सांगणारी एक खिडकी त्या कार्यालयात नाही. घर रिकामं करवून घेणारा विभाग मात्र आहे.

पोलीस ठाण्यात "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा" म्हणाले. खोटं सांगून पैसे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे. ठाण्यात गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालय असेल तर पोलीस उपायुक्तांकडे, लेखी तक्रार पोस्टाने पाठवता येते. हे मला वकिलांनी सांगितलं, पोलिसांनी नाही. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, एजंटची तक्रार करावी म्हटलं तर त्यांची नोंदणी विक्रीच्या व्यवहारांपुरती. भाड्याचा एजंट सगळ्यांच्याच हाताबाहेर.

नोटरीच्या कागदावर समाधान मानू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदवला नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शहरात नोंदणी शुल्क अवघं १,००० रुपये आहे, तेव्हा "खर्च वाढतो" हे कारण ऐकून घेऊ नका. "पोलिसांकडे भाडेकरूची नोंद नको" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. आमच्याकडून हे दोन्ही टाळून घेतलं, कारण नोंद झाली असती तर मालकाचंच बिंग फुटलं असतं. याच कलमात असंही आहे की करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरायचं. सध्या १,५०,००० रोख रकमेसाठी आमचा आधार एवढाच.

इमारत पुनर्वसनाची असेल तर वाटपपत्राची मूळ प्रत पूर्ण वाचा, पानं मोजा, आणि टोकन देण्याआधी महापालिकेत सदनिका क्रमांक सांगून विचारा.

परवा त्याच इमारतीतल्या घराची जाहिरात पुन्हा दिसली. हेवी डिपॉझिट ६,००,०००, भाडं शून्य, फॅमिलीला प्राधान्य. एजंटचा नंबर वेगळा होता. तिचा स्क्रीनशॉट मी पोलीस उपायुक्तांकडे केलेल्या तक्रारीला जोडला आहे.