मिठाविना चालणारा सॉफ्टनर आणि माझे 74,400 रुपये

पाण्याचा जडपणा घालवून देतो असे सांगून एका कंपनीने माझ्याकडून 74,400 रुपये काढले आणि त्या बदल्यात सॉफ्टनर म्हणून गच्चीवर वाळू घातलेले एक नळकांडे उभे करून दिले. हिशेब असा आहे: यूपीआयने आगाऊ 18,500 रुपये, हप्त्यांवर घेतलेले कर्ज 50,000 रुपये, त्या कर्जाची प्रक्रिया फी 1,180 रुपये आणि यंत्र बसल्यावर लगेचच गळ्यात मारलेला वार्षिक देखभालीचा करार 4,720 रुपये. ग्राहक आयोगात तक्रार चालू असल्यामुळे कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. अशा कंपन्या नाव बदलून पुढच्या वसाहतीत जातात, त्यामुळे त्यांची पद्धत तेवढी नीट वाचावी.

आमची गरज खोटी नव्हती, हे आधी सांगतो, कारण नातेवाइकांनी ‘कशाला हवी होती ही हौस?’ असे विचारून पुरते हैराण केले आहे. पुण्याच्या कडेला वाढलेल्या उपनगरात आमचे रो-हाऊस आहे आणि तेथे बोअरचे व टँकरचे पाणी मिसळून टाकीत येते. गीझरची कॉइल क्षार साचून जळाली होती, नळांच्या तोट्यांवर पांढरा थर चढत होता, साबणाला फेस येत नव्हता आणि तुरीची डाळ कुकरमध्येही टणक राहत होती.

दोन ग्लासांत विजेच्या कांड्या बुडवून एका ग्लासातले पाणी गढूळ तपकिरी करून दाखवण्याचा खेळ आता सर्वांना ठाऊक आहे. त्यातली लोखंडी कांडीच झिजून पाण्यात गाळ होते, आणि दुसऱ्या ग्लासातल्या आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहते. कंपनीच्या विक्रेत्याने आमच्या घरी तोच खेळ मांडला, तेव्हा हे मी त्याला तोंडावर सांगितले. त्याने मुळीच वाद घातला नाही. उपकरण पिशवीत ठेवून तो म्हणाला, ‘काका, तुमच्यासारखे जाणकार गिऱ्हाईक क्वचित भेटते, तुम्हाला मी हे दाखवायलाच नको होते.’ एक डाव ओळखला म्हणून मी सैल झालो आणि दुसरा डाव नेमका तेव्हा पडला.

यंत्र बसल्यावर त्याने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, दाखवणारा मीटर काढला. बाथरूमच्या नळाचे पाणी आधी 780 दाखवत होते. ‘नंतरचे’ पाणी 85 दाखवू लागले. सौभाग्यवतींनी टाळी वाजवली. आता रोज रात्री डोळ्यांसमोर येते ते एवढेच, की ‘नंतरचा’ ग्लास भरायला तो बाथरूममध्ये गेला नाही, स्वयंपाकघरात गेला. पॅकेजबरोबर ‘मोफत’ दिलेला छोटा आरओ तेथे ओट्याखाली होता आणि त्याने त्याच्याच तोटीखाली ग्लास धरला होता. मी तेथेच उभा होतो. शिवाय सॉफ्टनर टीडीएस कमी करतच नाही! त्यातले रेझिनचे मणी पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात व बदल्यात सोडियम सोडतात, त्यामुळे विरघळलेल्या क्षारांची बेरीज जवळपास तेवढीच राहते. सॉफ्टनरने टीडीएस सातशेने उतरवला असे जो दाखवतो, तो खोटे दाखवतो. मी बँकेत आयुष्यभर कर्जाचे कागद तपासले, रसायनशास्त्र नव्हे. तरीही हाताला धरून त्याला बाथरूमच्या नळापाशी नेण्यासाठी रसायनशास्त्राची गरज नव्हती, हे मला पटते आणि त्यानेच अधिक चीड येते.

आणखी एक खूण होती. 25 लिटर रेझिन म्हणजे साधारण 20 किलो वजन; बसवायला आलेला मुलगा मात्र ते नळकांडे काखेत मारून, फोनवर बोलत जिना चढला. मीठ कोठे घालायचे, असे मी विचारले होते. ‘आमचे तंत्रज्ञान मिठाविना चालते’, हे उत्तर मला त्या वेळी प्रगती वाटले. रेझिन भरले, म्हणजे त्याची ताकद संपली, की मिठाच्या पाण्याने ते धुवावेच लागते. चार माणसांच्या घरात माणशी 135 लिटर धरले तर रोज 540 लिटर पाणी होते, आणि आमच्या पाण्याचा जडपणा लिटरला 520 मिलिग्रॅम असल्याने रोज सुमारे 280 ग्रॅम जडपणा त्या रेझिनने उचलायला हवा. रेझिनच्या लिटरमागे 40 ते 50 ग्रॅम क्षमता धरली, तर 25 लिटर रेझिन चार दिवसांत थकते. ज्या विक्रेत्याला हे गणित कागदावर मांडता येत नाही, त्याला चहा पाजून परत पाठवावे.

तो 520 चा आकडा मला यंत्र बसल्यावर, प्रयोगशाळेतून मिळाला. तेथे पाण्यात रंगद्रव्य टाकून लालसर झालेले पाणी निळे होईपर्यंत थेंब थेंब द्रावण सोडतात. जडपणा असा मोजतात, खिशातल्या मीटरने नव्हे. यंत्रात शिरणारे पाणी 520 आणि बाहेर पडणारे 508. ‘सरकारी मर्यादा 500, तुमचे 780’ असे सांगून आम्हाला घाबरवले होते, तेही अर्धेच खरे निघाले: भारतीय मानक 10500 प्रमाणे टीडीएस 500 पर्यंत स्वीकारार्ह आहे, पण दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतो, जडपणासाठी हेच आकडे 200 आणि 600 आहेत. ओळखीच्या प्लंबरने माझ्यासमोर झाकण उघडले तेव्हा आत तळाशी थोडी वाळू, खडी आणि वर पसरलेले मूठभर पिवळट मणी दिसले. तेवढेच रेझिन. त्याचा व्हिडिओ काढून ठेवला आहे.

यानंतरचा भाग अधिक संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात ‘वस्तू मिळाली ना? मग हा दिवाणी मामला’ असे म्हणून अर्ज नुसता ठेवून घेतला. पोच मागितली तर साहेब बाहेर गेले होते. एका सरकारी हेल्पलाइनने माझी तक्रार कंपनीकडे पाठवली, कंपनीने ‘तंत्रज्ञ भेट देऊन गेला’ असे कळवले आणि त्या एका ओळीवर, मला न विचारता, तक्रारीपुढे ‘निवारण झाले’ असा शेरा पडला. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाने बोअरचे पाणी आमच्या अखत्यारीत नाही असे सांगितले, जणू मी त्यांच्याकडे पाणी मागायला गेलो होतो. कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेचे म्हणणे असे, की विक्रेत्याला पैसे पोचले, आता यंत्र वाळूचे असो वा सोन्याचे, हप्ता चुकल्यास तुमचा पत-गुणांक घसरेल. प्रत्येक टेबलावर मला दुसऱ्या टेबलाचा पत्ता मिळाला, आणि त्यांच्यापैकी एकानेही ते नळकांडे पाहण्याची तसदी घेतली नाही.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची असते; हे मला कोणत्याही कार्यालयाने सांगितले नाही, एका परिचित वकिलांनी सांगितले. आयोगात तारखा पडत आहेत.

माझ्या बिलावर केवळ ‘पाणी प्रक्रिया यंत्र, 1 नग’ असे आहे आणि कंपनीचा वकील आता त्याच ओळीवर उभा आहे. रेझिन किती लिटर, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा जडपणा किती, हे बिलावर लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. हप्त्याने तर घेऊच नये. यंत्र बसल्यावर नमुना स्वतः भरून स्वतः प्रयोगशाळेत न्यावा, आणि निकाल हाती येईपर्यंत निदान निम्मी रक्कम अडवून ठेवावी. कंपनीचा माणूस अलीकडे ‘काका, सर्व्हिसिंगसाठी टाकी घेऊन जातो, नवीन बसवून देतो’ असे फोनवर सांगू लागला आहे. ते नळकांडे म्हणजे माझा पुरावा आहे. मी दिलेला नाही, तुम्हीही देऊ नका.