१५०-६०० मिमी झूमने चंद्र: ठाण्यात आठ महिने वापरल्यानंतर

पौर्णिमेच्या चंद्रासाठी ही लेन्स घेणार असाल तर घेऊ नका. त्या रात्री सावल्याच नसतात, चंद्र भाकरीसारखा सपाट येतो. पैसे वसूल होतात ते शुद्ध सप्तमी ते एकादशीत.

६०० मिमीवर, २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) कॅमेऱ्यात, चंद्र साधारण १३००-१४०० पिक्सेल रुंद येतो. म्हणजे एक पिक्सेल सुमारे अडीच किलोमीटरचा. चंद्राच्या विषुववृत्तापाशी उजेड-अंधाराची सीमा (तिथली पहाट) ताशी १५ किलोमीटर सरकते, म्हणून नवमी-दशमीला कोपर्निकस विवराचे (रुंदी ९३ किमी) दोन तासांच्या अंतराने दोन फोटो काढले, तर सीमा दहा-बारा पिक्सेल पुढे गेलेली दिसते. आधी काळोखात असलेली कड दुसऱ्या फोटोत उजळलेली असते. तिथे सूर्य उगवताना असा हाती लागतो!

एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० ठेवा. शटर पौर्णिमेला १/४००, अष्टमीला १/१०० च्या आसपास. एफ/६.३ वर कडा मऊ येतात. ऑटोफोकस बंद करून लाइव्ह व्ह्यूत (मागच्या स्क्रीनवर) दहापट मोठं करून विवराच्या सावलीवर फोकस लावा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद, टायमर दोन सेकंद. तृतीयेच्या कोरीबरोबर चंद्राच्या काळोख्या भागाचा अंधुक गोलही हवा असेल तर शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, म्हणून झूम २००-३०० वर आणा. ६०० वर एका सेकंदातच चंद्र सरकून पुसट होतो. शिवाय ती कोर पश्चिमेकडच्या येऊरच्या डोंगराआड लवकर जाते, उशीर नको.

चंद्रोदयाची माळ (ओळीने चढणारे अनेक चंद्र एकाच फोटोत जोडून) ठाणे पूर्वेतल्या कोपरीच्या बाजूने छान येते. १५० मिमी, दर चार मिनिटांनी एक फोटो, म्हणजे दोन चंद्रांमध्ये एका चंद्राएवढी जागा सुटते. चंद्र उजवीकडे कलत चढतो, त्यामुळे पहिला चंद्र फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात धरा. मात्र पारसिकचा डोंगर मध्ये असल्याने पंचांगातल्या वेळेनंतर काही मिनिटं थांबावंच लागतं.

तक्रारी? वर रोखली की झूमची नळी खाली घसरते. रुंद रबरबँड लावल्यावर थांबते. तापलेल्या गच्चीच्या स्लॅबवर सुरुवातीचा तासभर चंद्र उकळत्या पाण्यातल्यासारखा हलतो. हा दोष लेन्सचा नाही, नवी लेन्स घेऊनही जाणार नाही. पाण्याचा पंप चालू असेल तर गच्ची थरथरते, फोटो काढूच नका. एसीतून बाहेर नेताना लेन्स अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर काच धुरकटते. पावसाळ्यात बुरशीची भीती खरी आहे: हवाबंद डबा, सिलिका जेल, आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास.