नोट्टोवर अवयवदानाची नोंदणी केली, अनुभव सांगतो

मागच्या रविवारी नोट्टोच्या साइटवर अवयवदानाची नोंदणी केली. ग्रुपवर बरेच जण विचारतायत की कसं असतं, पैसे घेतात का, कागद काय लागतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

नोट्टो म्हणजे अवयव प्रत्यारोपणाचं काम बघणारी केंद्र सरकारची दिल्लीतली संस्था. आधारवरनं होणारी ही ऑनलाइन नोंदणी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. एक रुपया लागत नाही, वय १८ पूर्ण पाहिजे. आधार नंबर टाकायचा, ओटीपी येतो, मग हृदय, फुप्फुसं, लिव्हर, किडन्या, स्वादुपिंड, आतडं आणि पुढं डोळे, त्वचा, हाडं असं एकेक विचारतात, जे द्यायचंय त्यावर टिक करायचं, घरातल्या कुणाचा तरी नंबर द्यायचा की झालं, सर्टिफिकेट डाउनलोड करता येतं. माझा चहा गार व्हायच्या आत झालं सगळं. उद्या मन बदललं तर नाव मागेही घेता येतं, त्यामुळं कसली भीती बाळगायचं कारण नाही. नोंदणीला माझ्याकडनं पाचपैकी पाच स्टार.

आता जे खरं सांगायचंय ते. हे सर्टिफिकेट म्हणजे तुमची इच्छा, बास. माणूस ब्रेन डेड झाला, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलं आणि श्वास फक्त मशीनवर चालू राहिला, की आपल्याकडं घरच्यांची लेखी संमती लागतेच, तुम्ही दहा ठिकाणी नोंदणी केली असली तरी आयसीयूच्या बाहेर बसलेली बायको किंवा आई नको म्हणाली की विषय संपला. म्हणून नोंदणी केली त्याच दिवशी घरात बोला, आणि नीट बोला, जेवताना टीव्ही बंद करून बोला.

हे एवढं कळकळीनं सांगतोय कारण आमच्या दाजींचं असंच झालं. दोन वर्षांपूर्वी गाडीवरनं पडले, डोक्याला मार, हेल्मेट नव्हतं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले मेंदूचं काम थांबलंय, मशीनवर आहेत. आम्हाला वाटलं मशीनवर आहेत म्हणजे अजून आशा आहे, छाती हालत होती ना, हात लावला की अंग गरम लागायचं. ब्रेन डेड म्हणजे कायद्यानं मृत्यूच, त्यासाठी चार डॉक्टरांचं पथक सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी करतं, हे मला सगळं नंतर वाचून कळलं. तिथं कुणी ती तपासणी केली नाही, अवयवदानाचा शब्दही काढला नाही, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे हृदय थांबलं. तेराव्यानंतर आक्का एलआयसीची फाइल काढून बसली तर त्यात चार घड्या घातलेला नेत्रदानाचा फॉर्म, गणपती मंडळाच्या शिबिरात भरलेला, खाली दाजींची ती वळणदार सही. डोळे मृत्यूनंतर सहा तासांत काढावे लागतात आणि त्यासाठी ब्रेन डेडच असावं लागतं असंही नाही. आम्हाला माहीत असतं तर निदान तेवढं तरी झालं असतं. आक्का तो कागद हातात धरून कितीतरी वेळ नुसती बसून होती.

तेव्हापासनं मी या विषयावर मिळेल ते वाचतोय. आपल्या देशात २०२४ मध्ये मृत्यूनंतर अवयव देणारे साधारण अकराशेच होते, म्हणजे दहा लाख लोकांमागं एकसुद्धा नाही, आणि स्पेनमध्ये हाच आकडा पन्नासच्या आसपास आहे! लोक म्हणतात तिथं कायदाच तसा आहे, न विचारता घेता येतात. कायदा आहे, १९७९ चा, पण तरीही ते घरच्यांना विचारतातच. फरक पडला तो १९८९ नंतर, जेव्हा हॉस्पिटलांमध्ये या कामासाठी प्रशिक्षण दिलेले को-ऑर्डिनेटर नेमले, बरेचसे आयसीयूचेच डॉक्टर, जे असा पेशंट वेळेत ओळखतात आणि घरच्यांशी शांतपणे बोलतात. लांब कशाला, तमिळनाडू बघा, २०२४ मध्ये एकट्या त्या राज्यात २६८ दाते होते आणि २०२३ पासनं दात्याला शासकीय इतमामात निरोप देतात. आपल्याकडंही मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगरला झेडटीसीसी म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत, वेटिंग लिस्ट आणि कुठला अवयव कुणाला हे तेच बघतात, पण आयसीयूतनं त्यांना फोनच गेला नाही तर ते तरी काय करणार? आपला माणूस मशीनवर असेल आणि मेंदू गेला असं सांगितलं तर आपणच विचारायचं, ब्रेन डेडची तपासणी करणार का, इथं को-ऑर्डिनेटर कोण आहे. हे विचारायला लाज वाटायचं कारण नाही.

आणखी दोन गोष्टी, कारण त्या हमखास विचारतात. संमती दिल्यावर अवयव काढण्याचा खर्च घरच्यांवर येत नाही. आणि हे देहदान नव्हे, टाके घालून शरीर परत देतात, अंत्यविधी नेहमीसारखे करता येतात.

माझं झाल्यावर आक्का म्हणाली, माझंबी कर. आधार नंबर टाकला पण ओटीपी काही तिच्या फोनवर येईना. मग तिच्या लक्षात आलं, आधारला नंबर दाजींचा आहे. दाजींचा फोन कपाटात साड्यांच्या खाली ठेवलेला, सिम तिनं बंद होऊ दिलं नव्हतं, दर महिन्याला रिचार्ज मारत होती, आम्हाला कुणाला माहीतसुद्धा नव्हतं. चार्जिंगला लावला, दहा मिनिटं थांबलो, परत प्रयत्न केला आणि त्याच फोनवर ओटीपी आला. आक्कानं चष्मा लावला आणि एकेक आकडा मला वाचून दाखवला.